अप्रकट पाठ आणि वाचकाचा अधिकार : लॅपटॉपच्या बायोसमधील दडलेल्या पर्यायांची चिकित्सा

१

एखाद्या ग्रंथाची काही पाने छापावीत, बांधावीत, ग्राहकाच्या हाती द्यावीत, आणि तरीही ती उघडता येऊ नयेत अशा बेताने एकमेकांस चिकटवून ठेवावीत, असे ग्रंथव्यवहारात घडले तर वाचक प्रकाशकास जाब विचारल्यावाचून राहणार नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा प्रकार नित्य घडतो, आणि तो घडतो याची बहुसंख्य मालकांना जाणीवही नसते. विंडोज वा लिनक्स यांचा अंमल सुरू होण्यापूर्वी यंत्रातील एका लहानशा चिपवरून जी मूळ आज्ञावली जागी होते, तिला रूढ भाषेत ‘बायोस’ म्हणतात. यंत्र सुरू करताना एफ-२, डिलीट किंवा तत्सम कळ दाबली असता तिच्या पर्यायांची यादी पडद्यावर येते. सामान्य लॅपटॉपवर ही यादी दोन-चार पानांत संपते : तारीख, वेळ, आरंभाचा क्रम, परवलीचा शब्द आणि आणखी काही किरकोळ बाबी. परंतु त्याच चिपमधील मजकूर बाहेर काढून वाचला, तर त्यात शेकडो पर्याय आपापल्या नावांसह व मूल्यांसह लिहिलेले आढळतात. मेमरीचा वेग, प्रोसेसरला मिळणारा विद्युद्दाब, एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालविण्याची सोय, सुरक्षा-चिपचा वापर, हे सारे तेथे असते. केवळ दिसत नाही.

न दिसणारे हे पर्याय दिसते करण्यासाठी बायोसच्या मजकुरात फेरफार करणारा एक हौशी वर्ग जगभर पसरलेला आहे. त्याच्या उद्योगाकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. हौशी मंडळी त्यास पराक्रम मानतात. उत्पादक त्यास आगळीक मानतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिका बाजूस ठेवून त्याच उद्योगाकडे पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. पाठ कोणाचा, तो लपविण्याचा अधिकार कोणास, आणि लपविलेला पाठ उघडणाऱ्याने कोणती शिस्त पाळावी, हे प्रश्न भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांना नवे नाहीत. नवे आहे ते फक्त हस्तलिखित.

प्रश्न केवळ तात्त्विक असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे धानाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. तेथील एखाद्या शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासासाठी लॅपटॉप घेतो, तेव्हा तो पुष्कळदा वापरलेला, कोण्या कचेरीतून निघालेला असतो, आणि तो घेण्यासाठी सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला सुरक्षा-चिपची दुसरी आवृत्ती, म्हणजे टीपीएम २.०, आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ही सोय ‘पीटीटी’ या नावाने अंगभूत असते. मात्र काही यंत्रांत ती बंद ठेवलेली असते आणि ती सुरू करण्याचा पर्याय यादीत दाखविलेला नसतो. प्रोसेसर पात्र आहे, सोय आहे, पण तिच्यापर्यंत जाणारे पान चिकटविलेले आहे, अशा स्थितीत ते यंत्र कालबाह्य ठरावे की आणखी काही वर्षे चालावे, हे त्या एका पानावर अवलंबून राहते. उलट, ते पान फाडण्याच्या खटपटीत यंत्रच निकामी झाले, तर त्या घरात दुसरे यंत्र लवकर येत नाही. म्हणून या विषयात उत्साह आणि भीती या दोहोंनाही आवर घालणारा विचार हवा आहे.

२

बायोसचा पाठ पहिल्यापासून अप्रकट होता असे नाही. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक संदर्भग्रंथात बायोसची संपूर्ण संहिता, ओळीओळीवरील टीपांसह, छापून दिली होती. ती संहिता अवघी ८ किलोबाइटची होती, आणि जो तो ग्रंथ विकत घेई त्यास ती वाचता येत असे. पाठ प्रकट होता. मात्र त्यावरील प्रताधिकार आयबीएमचा होता. वाचण्याची मुभा आणि नक्कल करण्याची मनाई, असा हा व्यवहार होता.

या व्यवहारातूनच संगणकाच्या इतिहासातील एक विलक्षण पाठप्रक्रिया उद्भवली. आयबीएमशी सुसंगत यंत्र बनवू इच्छिणाऱ्या कॉम्पॅक कंपनीने आपल्या लोकांचे दोन गट पाडले. एका गटाने मूळ संहिता वाचावी व ती काय करते एवढेच लिहून द्यावे. दुसऱ्या गटाने मूळ संहितेकडे न पाहता, केवळ त्या वर्णनावरून, नवी संहिता रचावी. ज्यांनी वाचले त्यांनी रचावयाचे नाही, आणि ज्यांनी रचावयाचे त्यांनी वाचावयाचे नाही, असा तो दंडक होता. १९८३ मध्ये कॉम्पॅकचे यंत्र ग्राहकांच्या हाती पडले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने याच रीतीने सिद्ध केलेला बायोस इतर उत्पादकांना विकावयास काढला. पुढे एएमआय, इन्साइड इत्यादी कंपन्यांनी हाच व्यवसाय केला, आणि लॅपटॉप बनविणारे उत्पादक त्यांच्याकडून बायोस घेऊन त्यावर आपले नाव घालू लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संहिता छापून देण्याची प्रथा या स्थित्यंतरात लोप पावली. मूळ पाठ आता तीन हातांतून जातो : प्रोसेसर बनविणारा आपला नमुना-पाठ देतो, बायोस-कंपनी तो आपल्या चौकटीत बसविते, आणि लॅपटॉपचा उत्पादक त्यातील काय दाखवावयाचे ते ठरवितो. चौथा हात मालकाचा. पण त्याला शेवटचा, काटछाट केलेला पाठ तेवढा मिळतो. पाठाचे आकारमान मात्र वाढतच गेले. आजच्या लॅपटॉपमधील ही चिप सामान्यतः १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते. १९८१ च्या मानाने चिप दोन हजारपटींहून मोठी झाली आणि वाचकाच्या वाट्याचा पाठ आखडला, असा हा इतिहास आहे.

३

आता हा पाठ लपविला जातो तो कसा, हे पाहू. इंटेलने आरंभलेली आणि २००५ पासून यूईएफआय मंडळाने चालविलेली जी नवी रचना जुन्या बायोसच्या जागी आली (बोलण्यात तिलाही आपण बायोसच म्हणतो), तिच्यात पर्यायांची पाने रचण्याची एक स्वतंत्र भाषा आहे. २००७ च्या २.१ या आवृत्तीपासून ती मानकाचाच भाग आहे. या भाषेत प्रत्येक पान, प्रत्येक प्रश्न व त्याची संभाव्य उत्तरे क्रमाने मांडलेली असतात. नावे व स्पष्टीकरणे वेगळ्या शब्दसंग्रहात ठेवलेली असतात. आणि एखादा भाग केव्हा दाखवू नये हे सांगणारी एक आज्ञा असते. तिचा आशय असा की, पुढील अट सत्य असल्यास येथून पुढचा मजकूर दाबून ठेवावा.

ही अट खरीखुरी असू शकते. उदाहरणार्थ, यंत्रात दुसरी डिस्क नसेल तर तिचे पर्याय दाखवू नयेत, हे योग्यच होय. पण पुष्कळ ठिकाणी अटीच्या जागी काहीच अट नसते. तेथे नुसते ‘सत्य’ एवढेच लिहिलेले असते. षोडशमान पद्धतीने पाहिल्यास हा मजकूर ‘०ए ८२ ४६ ०२’ असा दिसतो. यातील पहिले दोन अंक-गट ‘दाबून ठेव’ असे सांगतात आणि ४६ हा ‘सत्य’ या अर्थाचा संकेत आहे. ‘असत्य’ याचा संकेत ४७ होय. फेरफार करणारे लोक अशा ठिकाणी ४६ चे ४७ करतात. लक्षावधी बाइटांच्या मजकुरात एका बाइटाचा, किंबहुना एका बिटाचा, हा पाठभेद. पण त्यामुळे एक संपूर्ण प्रकरण प्रकट होते. लपविण्याच्या इतरही रीती आहेत. कधी त्या पानाकडे जाणारा दुवाच काढून टाकलेला असतो. कधी पर्यायाला अशी श्रेणी दिलेली असते की सामान्य वापरणाऱ्यास तो दिसू नये. तत्त्व मात्र एकच.

या रचनेवरून दोन निष्कर्ष निघतात, आणि संपूर्ण विवेचन त्यांवर आधारलेले असल्याने ते स्पष्टपणे मांडणे इष्ट होय. पहिला असा की, लपविणे व कुलूप घालणे या दोन भिन्न क्रिया आहेत. वर सांगितलेली आज्ञा हे कुलूप नव्हे. तो पडदा आहे. कुलूप वेगळे असते. इंटेलची २०१३ च्या सुमारास आलेली ‘बूट गार्ड’ ही योजना हे कुलुपाचे उदाहरण होय. तिच्यात उत्पादकाच्या किल्लीची खूण यंत्राच्या अंतर्भागात न पुसता येईल अशी कोरलेली असते, आणि बायोसच्या आरंभीच्या संरक्षित भागात एका बाइटाचा फरक पडला तरी उत्पादकाच्या निवडीनुसार यंत्र सुरूच होत नाही. पडदा बाजूला सारणे आणि कुलूप फोडणे यांना एकच नाव देऊन त्यांची निंदा अथवा स्तुती करणे ही विचाराची आळशी रीत आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. न दिसणारा पर्याय निष्क्रिय नसतो. प्रत्येक पर्यायाचे मूल्य चिपमधील एका वेगळ्या कप्प्यात, ठरलेल्या स्थानी, साठविलेले असते. ‘सेटअप’ या नावाच्या चलात ते बहुधा सापडते. पर्याय दाखविला नाही तरी त्याचे मूल्य अस्तित्वात असते आणि यंत्र त्याप्रमाणे वागते. म्हणजे मालकाच्या नावे कोणीतरी अगोदरच उत्तरे लिहून ठेवलेली असतात. मालकास प्रश्नच दाखविला जात नाही. दडलेल्या पर्यायाचे खरे स्वरूप हे असे आहे.

४

हे पर्याय का लपविले जातात? हौशी मंडळींच्या लेखनात याचे उत्तर बहुधा एका सुरात दिलेले असते : उत्पादक लबाड आहे, त्याने तुमच्या यंत्राची शक्ती दडवून ठेवली आहे. हे वाचन आकर्षक असले तरी पाठाच्या कसोटीस उतरत नाही. प्रत्यक्ष मजकूर पाहता लपविलेल्या पर्यायांचे निदान तीन वर्ग करावे लागतात.

पहिला वर्ग ‘उरलेल्या’ पर्यायांचा, आणि तोच सर्वांत मोठा. प्रोसेसर बनविणारा जो नमुना-पाठ देतो तो एका यंत्रासाठी नसून शेकडो यंत्रांसाठी असतो, व त्यातील बरेच पर्याय कारखान्यातील चाचणीकरिता असतात. ज्याला जोडणीच नाही असा पर्याय पडद्यावर आणला तरी तो एखाद्या मोडक्या गढीच्या दरवाजासारखा असतो : उघडतो, पण आत खोली नसते. उत्पादकाने ही पाने काढून टाकण्याऐवजी झाकली, कारण काढण्यापेक्षा झाकणे स्वस्त. येथे दुष्टपणा शोधणे व्यर्थ आहे. येथे आहे ती काटकसर. पर्याय उघडून निराश झालेल्या वाचकांची संख्या मोठी आहे, त्याचे कारण हेच.

दुसरा वर्ग ‘दडविलेल्या’ पर्यायांचा. २००९ पूर्वी सोनी कंपनीच्या अनेक वायो लॅपटॉपांत प्रोसेसर आभासीकरणास समर्थ असूनही बायोसमध्ये ती सोय बंद होती आणि ती सुरू करण्याचा पर्याय दिलेला नव्हता. काही मालकांनी तो स्वतः उघडला. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आले. त्यातील जुन्या कार्यक्रमांसाठी असलेल्या विशेष सोयीला प्रथम हेच आभासीकरण लागत असे. तोवर सुरक्षिततेची सबब सांगणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी काही यंत्रांवर ती सोय खुली करण्याचे मान्य केले. ग्राहकांनी विचारताच सबब मागे पडली, एवढ्यावरून तिचे वजन कळून येते. थिंकपॅडच्या जुन्या काही यंत्रांत मान्य यादीबाहेरचे वाय-फाय कार्ड बसविले असता १८०२ क्रमांकाची चूक दाखवून यंत्र थांबत असे. तेथे तर पर्यायच नव्हता. नुसती यादी होती, आणि ती यादी मालकाने पाहावी अशी अपेक्षाही नव्हती.

तिसरा वर्ग ‘राखलेल्या’ पर्यायांचा. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राट्झ आणि ल्यूव्हेन येथील विद्यापीठांतील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची उणीव प्रसिद्ध केली. प्रोसेसरचा विद्युद्दाब नेमक्या क्षणी कमी करून त्याच्या सुरक्षित कोठडीतील गणनेत चूक घडविता येते व त्या चुकीवरून गुप्त किल्ली काढता येते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यावर इंटेलने सुधारणा दिली आणि अनेक लॅपटॉपांत विद्युद्दाब बदलण्याची वाट बायोसमधून बंद झाली. येथे राखण्यास कारण होते. परंतु ज्यांनी यंत्र थंड राहावे म्हणून दाब किंचित कमी केलेला होता, त्यांना एका अद्ययावतीनंतर ती सोय नाहीशी झालेली आढळली. कारण योग्य होते. ते सर्वांना सांगितले गेले असे मात्र म्हणता येत नाही.

मराठीच्या अभ्यासकास येथे महानुभावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बद्ध केले, आणि त्यामुळे मराठीतील आद्य गद्य कित्येक शतके पंथाबाहेरील वाचकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ सर्वांच्या दृष्टीस येण्याची वाट मोकळी झाली. परंतु दोन्ही प्रकारांतील भेद साम्यापेक्षा अधिक बोलका आहे. महानुभावांनी पाठ लपविला तो परक्यांपासून; पंथातील शिष्यास ती लिपी शिकविली जात असे. लॅपटॉपचा उत्पादक पाठ लपवितो तो ज्याने यंत्र विकत घेतले त्या मालकापासूनच, आणि लिपी शिकविण्याचे कर्तव्य तो मानीत नाही. म्हणून आमचा आक्षेप लपविण्यावर नाही. कारण न सांगता लपविण्यावर आहे. वरील तीन वर्गांपैकी आपल्या यंत्रातील एखादा पर्याय कोणत्या वर्गात मोडतो, हे मालकाला कळण्याचा मार्गच ठेवलेला नसतो. उरलेले, दडविलेले आणि राखलेले, तिन्ही एकाच पडद्याआड, एकाच मौनात असतात. हौशी मंडळींची संशयी वृत्ती या मौनातूनच वाढते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

५

आता वाचकाच्या कर्तव्याकडे वळू. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, आणि त्यात कोणी आपली भर घालू नये असा इशाराही देऊन ठेवला. शोधन आणि प्रक्षेप यांतील सीमारेषा त्यांनी जाणली होती. बायोस उघडणाऱ्याने तीच सीमारेषा जाणली पाहिजे.

या उद्योगाच्या चार पायऱ्या आहेत, आणि खालची पायरी पुरेशी असताना वरची चढू नये, हा त्यातील पहिला नियम मानावा. पहिली पायरी निव्वळ वाचनाची : चिपमधील अथवा उत्पादकाच्या अद्ययावत धारिकेतील मजकूर घेऊन ‘यूईएफआयटूल’सारख्या साधनाने तो उलगडावा आणि कोणते पर्याय आहेत, त्यांची मूल्ये कोणत्या स्थानी आहेत, ते टिपून घ्यावे. यात यंत्राला धक्का लागत नाही. दुसरी पायरी मूल्य बदलण्याची : संहिता जशीच्या तशी ठेवून साठवणीच्या कप्प्यातील एकच मूल्य बदलावयाचे. पुष्कळ प्रसंगी इष्ट हेतू एवढ्याने साधतो. पर्याय पडद्यावर आणण्याची गरजच उरत नाही. तिसरी पायरी संहितेत फेरफार करण्याची, म्हणजे ४६ चे ४७ करण्याची. अद्ययावत धारिकेवर उत्पादकाची स्वाक्षरी असते, व फेरफार होताच ती जुळेनाशी होते. म्हणून अशी प्रत बहुधा यंत्र उघडून, चिपला चिमटा लावून, बाहेरील साधनाने लिहावी लागते. चौथी पायरी संपूर्ण पाठच बदलण्याची. १९९९ मध्ये ‘लिनक्सबायोस’ या नावाने आरंभलेला आणि २००८ पासून ‘कोअरबूट’ म्हणून ओळखला जाणारा मुक्त प्रकल्प हे तिचे उदाहरण होय. तो मोजक्याच यंत्रांवर चालतो.

दुसरा नियम मूळ प्रत राखण्याचा. काही लिहिण्यापूर्वी चिपमधील मजकूर दोनदा वाचावा, दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात याची खात्री करावी, आणि ती मूळ प्रत त्या यंत्राबाहेर ठेवावी. तिसरा नियम असा की, दुसऱ्याची प्रत आपल्या यंत्रात घालू नये. चिपमधील मजकूर हा केवळ सर्वसामान्य पाठ नसतो. यंत्राचा अनुक्रमांक, कित्येकदा जाळे-कार्डाचा पत्ता आणि विंडोजच्या परवान्याची किल्ली यांसारख्या त्या एकाच यंत्राच्या नोंदी तीत असतात. दुसऱ्याची संपूर्ण प्रत लिहिणे म्हणजे आपल्या घराचा सातबारा पुसून शेजाऱ्याचा लिहून घेणे होय. चौथा नियम : एका वेळी एकच बदल करावा, व तो नोंदवावा. पाठभेदांची नोंद न ठेवणारा संपादक आणि बदलांची नोंद न ठेवणारा हा उद्योगी, दोघेही परत फिरण्याची वाट स्वतःच बुजवितात.

हे नियम अतिसावधगिरीचे वाटत असतील तर इतिहास पाहावा. २६ एप्रिल १९९९ रोजी, म्हणजे गोंदिया जिल्हा अस्तित्वात येण्याच्या पाच दिवस आधी, ‘सीआयएच’ नावाच्या विषाणूने जगभरातील अनेक संगणकांच्या बायोस-चिपवरील मजकूर पुसून टाकला आणि ती यंत्रे उभ्या जागी निर्जीव झाली. बायोस लिहिता येतो याचा अर्थ तो कोणालाही लिहिता येतो, हे त्या दिवशी जगाला कळले. २०१३ मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपांत साठवणीचा कप्पा भरल्यामुळे यंत्रे सुरू होईनाशी झाली. प्रथम त्याचा दोष लिनक्सवर आला, पण विंडोजमधूनही तोच परिणाम घडविता येतो हे मागाहून दिसून आले. म्हणजे दुसरी पायरीही सर्वस्वी निर्धोक नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० या लिनक्सच्या आवृत्तीतील एका चालकामुळे मुख्यतः लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर बायोसमधील बदल साठविले जाईनासे झाले आणि ती आवृत्ती उतरवून घेण्याची सोय काही काळ मागे घ्यावी लागली. ज्यांचा हा नित्याचा व्यवसाय, त्यांच्या हातूनही अशा चुका झाल्या. चिमटा लावून लिहिणाऱ्यासही एक इशारा आवश्यक आहे : काही लॅपटॉपांतील चिप १.८ व्होल्टची असते, तर स्वस्त साधने ३.३ किंवा त्याहूनही अधिक दाब देतात. चिपवरील क्रमांक वाचून तिचा दाब निश्चित केल्याखेरीज साधन जोडू नये.

६

या विषयावरील प्रचलित लेखनाचे परीक्षण करताना दोन उणिवा प्रकर्षाने जाणवतात. पहिली उत्पादकांच्या लेखनातली. दडलेल्या पर्यायांचे स्पष्टीकरण म्हणून जो मजकूर असतो तो बहुतेक वेळा पर्यायाच्या नावाचीच पुनरुक्ती असतो : अमुक सुरू वा बंद करण्यासाठी अमुक सुरू वा बंद करा. तो काय करतो, कोणत्या मूल्याने कोणता धोका संभवतो, याविषयी एक अक्षर नसते. जो लेखक आपल्या वाचकाला जाणकार समजतो त्याने थोडक्यात लिहिले तर ते क्षम्य. ज्याला वाचक येणारच नाही अशी खात्री आहे त्याचे लेखन असेच असावयाचे. आणि हे सर्व इंग्रजीत. मानकात पर्यायांची नावे अनेक भाषांत ठेवण्याची तरतूद आहे. पण त्यातील साधा अक्षरसंच अरुंद अक्षरास ८ बाय १९ आणि रुंद अक्षरास १६ बाय १९ बिंदूंची ठराविक चौकट देतो. काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांची घडण त्या चौकटीत नीट बसत नाही. मराठी वाचकास या पाठापासून दूर ठेवणारा हा आणखी एक पडदा, आणि तो कोणी हेतुपुरस्सर घातलेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

दुसरी उणीव हौशी मंडळींच्या लेखनातली. मूळ प्रत कोणत्या आवृत्तीची, बदल कोणत्या स्थानी केला, तो कोणत्या यंत्रावर पडताळला, हे न सांगता तयार प्रती वाटल्या जातात. यश मिळाले त्यांचे लेखन राहते. ज्यांचे यंत्र बिघडले ते बहुधा लिहीत नाहीत. परिणामी वाचकासमोर यशाचीच परंपरा उभी राहते.

कायद्याच्या दृष्टीनेही वाचन आणि वाटप यांत भेद आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ मध्ये, संगणकीय कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास त्या कार्यक्रमाच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करण्याची, नुकसानीपासून रक्षणासाठी राखीव प्रत करण्याची, आणि कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रतीवरून अव्यापारी, वैयक्तिक उपयोगासाठी नक्कल वा रूपांतर करण्याची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक संरक्षण मोडण्यास शिक्षा सांगते, परंतु ते प्रताधिकाराचे उल्लंघन करण्याच्या हेतूशी जोडलेले आहे. यावरून आपल्या यंत्रातील पाठ वाचणाऱ्याची व स्वतःपुरता बदलणाऱ्याची बाजू भक्कम दिसते. दुसऱ्याच्या संहितेची फेरफार केलेली प्रत सर्वांना वाटणाऱ्याची तितकी दिसत नाही. हमी गमावण्याचा प्रश्न याहून वेगळा, आणि तो खरेदीच्या करारावर अवलंबून असतो.

७

सारांश असा. बायोसमधील दडलेला पर्याय हे गुप्त धन नव्हे, आणि तो उघडणे हा गुन्हाही नव्हे. तो मालकाच्या यंत्रातला, मालकाच्या वतीने अगोदरच उत्तरे दिलेला, पण त्याला न दाखविलेला पाठ आहे. तो वाचण्याचा अधिकार मालकाचा आहे याविषयी आम्हास संदेह नाही. तो बदलण्याचा अधिकारही त्याचाच. पण तो अधिकार शोधकाच्या शिस्तीनेच शोभतो. उत्पादकाकडून अपेक्षा एवढीच की त्याने सर्व पडदे काढावेत असे नसून प्रत्येक पडद्यावर त्याचे कारण लिहावे : हा पर्याय या यंत्रात निरुपयोगी आहे, हा धोकादायक आहे, हा आम्ही विक्रीच्या धोरणाने बंद ठेवला आहे. तिसऱ्या प्रकारचे कारण लिहावयास जो कचरेल, त्याला ते कारण योग्य नसल्याचे आपोआपच कळेल.

गोरेगावच्या त्या विद्यार्थ्यास यातून काय मिळते? निदान प्रश्नांचा क्रम मिळतो. आपल्या प्रोसेसरमध्ये हवी ती सोय आहे काय, हे आधी पाहावे. नसेल तर बायोस उघडून काही साधणार नाही. असेल तर उत्पादकाच्या नव्या अद्ययावतीत तो पर्याय प्रकट झाला आहे काय, हे पाहावे. २०२१ नंतर काही यंत्रांच्या बाबतीत तसे झालेले आहे. तेही नसेल तर पाठ वाचावा, मूळ प्रत राखावी, आणि मगच एका मूल्याला हात लावावा. बूट गार्डचे कुलूप आढळल्यास संहितेस हात न लावता तेथेच थांबावे. थांबण्याची जागा ओळखणे हाही वाचनाचाच भाग आहे. आणि पुढील सत्राचा प्रबंध ज्या एकाच यंत्रावर लिहावयाचा आहे, त्याच्या बाबतीत तर तो सर्वांत महत्त्वाचा भाग होय.